लावणीची लेक, पण घर वेगळे

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे एका शब्दाची दोन रूपे शेजारी नांदतात. घरात ‘लावणी’, हिंदी पुस्तकात ‘लावनी’. ही हिंदी लावनी मराठी लावणीचा पोटप्रकार म्हणायची, की स्वतंत्र गानप्रकार? वाद अभ्यासकांचा दिसतो. पण दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना स्वतःची ओळख कशी सांगावी, हाही प्रश्न त्यात दडलेला आहे.

नाते कोणी नाकारू नये. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा माळवा-बुंदेलखंडात वावरल्या. उत्तरेत या गाण्याला ‘ख्याल’ म्हणत, तसे ‘मरैठी’ही म्हणत. नावातच माहेर आले! (मैफलीतला ख्याल वेगळा, हे सांगायला नकोच.) आख्यायिका मात्र चंदेरीची आहे. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांच्या गायनावर प्रसन्न होऊन तिथल्या राजाने एकाला तुरा, दुसऱ्याला कलगी दिली. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला. हाच झगडा आपल्या शाहिरांतही रंगत आला आहे.

आता वेगळेपण पाहू. रामजोशी (१७६२–१८१२), होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांची लावणी ढोलकी-तुणतुण्यावर वाढली. ती तमाशाच्या फडात नाचली, बैठकीत अदाकारीने बसली. उत्तरेची लावनी चंगावर, म्हणजे डफाच्या भावंडावर, गाइली गेली. तिथे नाचापेक्षा सवाल-जवाबाच्या दंगलीला मान. तिच्या चालींना ‘रंगत’ म्हणतात, आणि ‘रंगत लंगडी’सारखी त्यांची नावे मराठी फडाला परकी आहेत. भारतेंदु हरिश्चंद्रांनी (१८५०–१८८५) लावन्या लिहिल्या त्या याच हिंदी परंपरेत.

असाच वाद आजची तरुण मुले ‘मेटल’ संगीतावरून घालतात. ते रॉकची शाखा, की स्वतंत्र? १९७० साली बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली तबकडी आली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. तारा दाबणे सोपे जावे म्हणून पुढे तो त्या सैल लावू लागला, आणि स्वर अधिक जड, गंभीर झाला. मूळ रॉकचेच, पण पुढे ऐकणाऱ्यांच्या कसोट्याच बदलल्या.

माझ्या मते कळीचा मुद्दा तोच. जन्म कुठे झाला यावरून कूळ कळते. स्वतंत्र प्रकार ठरतो तो चूक कोणत्या नियमाने पकडली जाते यावरून. रंगत चुकली तर चंगवाला हटकतो, ढोलकीवाला नव्हे. म्हणून लावनी स्वतंत्र. मात्र तिचे माहेर पुसणेही तितकेच खोटे.

आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून निघून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. म्हणून छिंदवाड्याचा इतिहास आपल्याला परका झाला नाही. आपल्या मराठीचेही तसेच. तिच्यात हिंदी मिसळली म्हणून पुण्या-मुंबईने तिला अशुद्ध ठरवू नये, आणि शाळा हिंदी म्हणून आपणही ती घरातून घालवू नये. लेकीचे घर वेगळे असले, तरी दिवाळीला माहेरची वाट मोकळी असावी.