बाहुलीची साक्ष

मनुष्याच्या शरीरांत उजेड व काळोख यांचा हिशेब अहोरात्र ठेवणारा द्वारपाल कोणता, असें विचारल्यास डोळ्याच्या बाहुलीकडे बोट दाखवावें लागेल. उजेड वाढला कीं ती आकसते, कमी झाला कीं विस्तारते. जवळची वस्तु निरखून पाहूं लागलों असतांहि ती आकसते. हें सारें आपल्या इच्छेवांचून चालतें, म्हणूनच वैद्यांनीं तिची साक्ष मोलाची मानिली. परंतु साक्षीदार खरें बोलत असला तरी ऐकणाराची समजूत चुकूं शकते. आजच्या भाषणाचा विषय अशाच एका गैरसमजाचा इतिहास हा आहे.

एडिंबरो येथील नेत्रवैद्य डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनीं १८६९ सालीं कांहीं चमत्कारिक रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांच्या बाहुल्या बारीक होत्या. त्या उजेडानें आकसत नसत. मात्र जवळचें पाहतांना आकसत. हे रोगी पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूच्या विकारानें पीडित होते. तो विकार बहुधा जुन्या उपदंशाचा परिणाम असतो, हें पुढें सिद्ध झालें; आणि १९०६ सालीं वासरमन यांची रक्तपरीक्षा निघाल्यावर त्याविषयीं शंका उरली नाहीं. रॉबर्टसन यांचा अंत आपल्याच देशांत झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. एडिंबरो येथें वैद्यक शिकलेले काठेवाडांतील गोंडलचे संस्थानिक भगवतसिंहजी यांचे पाहुणे म्हणून ते आले असतां जानेवारी १९०९ मध्यें वारले, व त्यांच्या देहास तेथेंच अग्नि देण्यांत आला.

शोध खरा होता. पण त्याची छाया निरपराध्यांवरहि पडली. एखाद्या तरुण स्त्रीची एक बाहुली मोठी दिसते व उजेडानें जवळजवळ हलत नाहीं. गुडघ्याच्या वाटीखालीं हातोडीनें हलकेंच मारलें असतां पाय उडावा, तो उडत नाहीं. हीं दोन्ही चिन्हें त्या मज्जारज्जूच्या विकारांतहि आढळतात. मग रोग्याकडे बोट दाखविलें जाण्यास किती वेळ लागणार? उपदंशाचा शिक्का म्हणजे सोमलाचीं व पाऱ्याचीं उग्र औषधें, आणि घरांत संशय. औषधाचा त्रास कालांतरानें ओसरतो. शीलावरील डाग तसा ओसरत नाहीं.

ऑस्ट्रेलियांत १८८६ सालीं जन्मलेले व लंडन येथें मज्जाविकारांचे वैद्य म्हणून नांवाजलेले विल्यम जॉन एडी यांनीं १९३१ व १९३२ सालीं हा गुंता सोडविला. अशी बाहुली जर्मन वैद्यांनीं १९०२ सालींच वर्णिली होती, आणि १९३१ मध्यें गॉर्डन होम्स यांनींहि तिच्याविषयीं लिहिलें. परंतु हा विकार स्वतंत्र व निरुपद्रवी असून उपदंशाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, असें एडी यांनीं ठासून सांगितलें. त्यांची कसोटी साधी होती: घाई न करणें. रोग्यास जवळची वस्तु कांहीं वेळ पाहावयास लावावी. बाहुली सावकाश, पण पुरती आकसते, आणि नजर दूर गेल्यावर तितक्याच सावकाश विस्तारते. रॉबर्टसन यांच्या बाहुलीची चाल अशी मंद नसते. आज हा विकार होम्स व एडी या दोघांच्या नांवानें ओळखला जातो.

त्याचें कारणहि आतां उमगलें आहे. नेत्रगोलामागील एका लहान मज्जाग्रंथीस इजा होते. तेथून निघणारे बहुतेक तंतु जवळच्या दृष्टीसाठीं असतात, उजेडासाठीं थोडेच. म्हणून नवे तंतु फुटतांना जवळच्या दृष्टीचे तंतु बाहुलीकडे वळतात. पिलोकार्पिन नांवाच्या औषधाच्या अतिसौम्य थेंबांनींहि अशी बाहुली आकसते. निरोगी बाहुलीवर इतक्या सौम्य थेंबांचा फारसा परिणाम होत नाहीं. वाचतांना अडखळणें व उन्हांत डोळे दिपणें एवढाच बहुधा त्रास होतो; चष्म्यानें तो निभतो. मात्र बाहुली एकाएकीं मोठी झाली व सोबत डोकें दुखूं लागलें किंवा पापणी लोंबूं लागली, तर क्षणाचाहि विलंब न करितां वैद्य गांठावा. तें संकट निराळें असूं शकतें.

एडी १९३५ सालीं, अवघ्या ४८ वर्षांचे असतां, निवर्तले. त्यांनीं नवें औषध दिलें नाहीं. कोणा रोग्यास बरेंहि केलें नाहीं, कारण बरें करण्याजोगें फारसें नव्हतेंच. त्यांनीं निर्दोष माणसांस निर्दोष ठरविलें. वैद्यकाच्या इतिहासांत ह्या कार्याची किंमत कोणत्याहि औषधाहून कमी मानतां येणार नाहीं.