जालन्याचे सरकारी कॉलेज : एका मागणीचा इतिहास



मी प्राध्यापक नाही. माझे शाळेतील शिक्षण दहावीपाशी थांबले; पुढचे जे काही झाले ते लोखंडाच्या कारखान्यांत युनियनचे काम करता करता, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा आजचा विषय मी कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने मांडणार आहे. आपल्या भागात सरकारी कॉलेज कोणी मागितले, ते केव्हा मिळाले आणि कोणाच्या उपयोगी पडले, एवढ्या तीन प्रश्नांपुरतेच मी बोलणार आहे.

जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. म्हणून आपल्या कॉलेजचा इतिहास औरंगाबादेपासून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरापासून, सुरू करावा लागतो. निजामी राजवटीत 1918 मध्ये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि 1923 मध्ये औरंगाबादेस सरकारी इंटरमीजिएट कॉलेज निघाले. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा थोर विद्वान तेथे प्राचार्य होता. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. इंग्रजी बाजूला सारून देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. परंतु ती देशी भाषा अंबड-भोकरदनच्या कुणब्याच्या घरात बोलली जात नव्हती. शिवाय इंटरच्या पुढे शिकायचे तर हैदराबाद गाठणे आले. त्या काळी जालन्याचा कापूस रेल्वेने बाहेर जाई. मुलगा मात्र ज्याच्या बापाला खर्च झेपेल त्याचाच जाई.

अशा कॉलेजातही विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. नोव्हेंबर 1938 मध्ये औरंगाबादच्या कॉलेजातील मुलांनी वसतिगृहात वंदेमातरम् म्हणण्याचा आग्रह धरला. बंदी आली, संप झाला, लोण हैदराबादेपर्यंत पोहोचले आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. आपल्या मुलांना आपल्या प्रांतात शिकता आले नाही, परप्रांतात आसरा घ्यावा लागला! त्याआधीच्या काळात स्वामी रामानंद तीर्थांनी मराठवाड्यात शाळा चालविल्या होत्या. हे स्वामीजी पूर्वी ना. म. जोशी यांच्यापाशी कामगार चळवळीत काम केलेले होते, ही गोष्ट आम्हा युनियनवाल्यांना विशेष अभिमानाची वाटते.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेस कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरले नव्हते, अशांची मुले त्या कॉलेजात बसली. सरकारी खजिन्यातून जे व्हायला हवे होते त्याची सुरुवात एका लोकसंस्थेने करून दाखविली.

पुढे 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. 1956 मध्ये राज्यघटनेचे कलम 371 दुरुस्त होऊन त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विदर्भ व मराठवाड्याचा उल्लेख आला. तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था व्हावी, असा आशय तेथे स्पष्ट आहे. म्हणजे कॉलेज मागणे ही याचना नव्हे. घटनेने मान्य केलेले ते देणे आहे. आम्ही करारातील कलम दाखवून थकबाकी मागतो, त्यातलाच हा प्रकार.

देणे काही प्रमाणात फिटलेही. औरंगाबादेस 1956 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. 1960 मध्ये सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आले. ही तिन्ही औरंगाबादेसच. जालन्याहून अंतर सुमारे साठ किलोमीटर. नकाशावर ते अगदी थोडे दिसते. परंतु हमालाच्या घरात त्याचा हिशेब निराळा होतो. खोलीभाडे, खानावळ, प्रवास आणि घरातील एक मिळवता हात कमी, ही सगळी न छापलेली फी आहे. मुलीच्या बाबतीत तर साठ किलोमीटर म्हणजे बहुधा शिक्षणाचा शेवटच. जालन्यातील लोकसंस्थांची महाविद्यालये, सरकारी तंत्रनिकेतन आणि आयटीआय यांनी हा भार पुष्कळ हलका केला, त्यांचे ऋण विसरता येणार नाही. पण मोठ्या सरकारी कॉलेजची वाट जालन्याला पाहावीच लागली. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले आणि वसमतला गोळीबारात प्राण गेले, ते याच थकबाकीपायी.

2018 मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र जालन्यात सुरू झाले. या संस्थेचा जन्म 1933 चा, मुंबई विद्यापीठातला. त्या वेळी गिरण्यांना कापड-रसायनाचे जाणकार हवे होते, म्हणून वस्त्ररसायन हा तिच्या पहिल्या अभ्यासक्रमांपैकी एक होता. जालन्याच्या केंद्रात विद्यार्थी काही सत्रे वर्गात आणि काही प्रत्यक्ष कारखान्यात शिकतात. पद्धत उत्तम आहे. परंतु मुंबईचा अनुभव लक्षात ठेवला पाहिजे. कॉलेज गिरणीसाठी निघाले, गिरणीला तज्ज्ञ मिळाले. साच्यावरच्या कामगाराचा मुलगा त्या वर्गात किती वेळा बसला? हाच प्रश्न येथे सळईच्या भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला विचारण्याचा अधिकार आहे.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत जालना एक, जागा शंभर. भट्टीवर भाजलेल्या सोबत्याला घेऊन रात्री घाटी रुग्णालयाची वाट मी अनेकदा धरली आहे. त्यामुळे या बातमीचे मोल मला कोणी समजावून सांगायला नको. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे कॉलेज जालन्यात आहे. त्यातील जागा जालन्याच्या नाहीत. पूर्वी वैद्यकीय प्रवेशात 70 टक्के जागा त्या त्या विभागाच्या मुलांना होत्या. मराठवाड्यात कॉलेजेच थोडी असल्याने तो नियम आपल्यालाच जाचत होता. तो जावा ही मागणी आपली होती आणि 2020 मध्ये तो गेला. आता 15 टक्के जागा देशपातळीवर भरतात आणि उरलेल्यांसाठी राज्याची गुणवत्ता यादी एकच. कॉलेज दारात आले म्हणून ती अट फिरवून मागणे आपल्याला शोभणार नाही.

मग मागायचे काय? पहिले, जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांत विज्ञान नीट शिकविले जावे. कारण यादीत नाव लागण्याची तयारी तेथे होते, शेवटच्या वर्षी महागड्या शिकवणीत नव्हे. दुसरे, कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात भाजलेल्यांवर येथेच संपूर्ण उपचार व्हावेत. तिसरे, तंत्रज्ञान केंद्राने कारखान्यातील कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग मराठीतून चालवावेत. आणि चौथे, जिल्ह्यातील किती मुलेमुली या संस्थांत शिकत आहेत, हा आकडा दर वर्षी जाहीर व्हावा. आम्ही ताळेबंद मागितल्याशिवाय बोनसची बोलणी करीत नाही. नागरिकांनीही तसेच करावे.

ही चार मागणीपत्रे लिहायला पदवी लागत नाही. पुढच्या वसंतात याच व्यासपीठावरून कोणी तो आकडा वाचून दाखविला, तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.