हातमोज्याचं भोक

आज आपण लहान मुलांच्या डोक्यात पाणी साठण्याच्या आजाराबद्दल, म्हणजे हायड्रोसेफॅलसबद्दल बोलतोय. मेंदूत रोज पाणी तयार होतं आणि रक्तात शोषलं जातं. ही वाट अडली की पाणी तुंबतं, बाळाचं डोकं वाढत जातं, मेंदू दाबला जातो.

यावर टिकाऊ उपाय निघाला तो एका बापाच्या हातून. 1955 साली अमेरिकेत जॉन होल्टर यांचा मुलगा केसी जन्मला आणि त्याला हा आजार झाला. होल्टर कुलुपं बनवणाऱ्या कंपनीत तंत्रज्ञ होते. मेंदूतलं पाणी बाहेर जाईल, पण रक्त उलटं येणार नाही, अशी झडप त्यांनी सिलिकॉनची बनवली. डॉ. यूजीन स्पिट्झ यांनी 1956 पासून ती मुलांना बसवायला सुरुवात केली. हाच तो शंट. त्यानं असंख्य मुलं जगली.

पण मग नवा प्रश्न उभा राहिला. आपल्याच कातडीवरचे साधे जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी त्या नळीवर जाऊन बसतात आणि चिकट थर धरतात. तिथे औषध नीट पोचत नाही. मग नळी काढा, मुलाला इस्पितळात ठेवा, जंतू गेले की नवी घाला. आई-बापांच्या दृष्टीनं विचार करा, सगळं पुन्हा पहिल्यापासून!

1992 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेचे डॉ. मॉरिस शू यांनी दाखवलं, की कडक नियम पाळले तर हा संसर्ग 1 टक्क्याच्या खाली येतो. नियम काय? खोलीत माणसं कमी, वेळ कमी, नळीला हात कमीत कमी. यात नवं यंत्र कुठलंच नाही.

2001 मध्ये टोरांटोच्या डॉ. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पकडली. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी हातमोजे तपासले. भोक पडलेल्या मोज्यांचा नळीला जितक्या जास्त वेळा स्पर्श, तितका संसर्गाचा धोका जास्त. डोळ्यांना न दिसणारं बारीक भोक, बरं का! म्हणून मग दोन-दोन मोजे.

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या चार रुग्णालयांनी 11 पायऱ्यांची एक यादी पाळली होती. दारावर पाटी, वेळेवर प्रतिजैविक, नीट हात धुणं, दुहेरी मोजे, असं सगळं. संसर्ग 8.8 वरून 5.7 टक्क्यांवर आला. म्हणजे शंभर शस्त्रक्रियांमागे तीन मुलांची दुसरी फेरी टळली. नळीही सुधारली. 2019 च्या ब्रिटन-आयर्लंडमधल्या चाचणीत साध्या नळीनं 6 टक्के रुग्णांना संसर्ग झाला, तर प्रतिजैविक मुरवलेल्या नळीनं 2 टक्क्यांना.

होल्टरांची झडप लक्षात राहते, दारावरची पाटी कुणाच्या लक्षात राहत नाही. पण मूल एकाच शस्त्रक्रियेत घरी जातं, त्यात त्या पाटीचाही वाटा असतो.