कार्ल्याच्या लेण्यातील देणगीदार



लोणावळ्याजवळील कार्ले येथील बौद्ध चैत्यगृह सुमारे १९०० वर्षांपूर्वी अखंड डोंगर कोरून झाले. ते १२४ फूट लांब असून त्यात ३७ खांब आहेत. एवढे काम एखाद्या राजानेच केले असेल, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु तेथील ब्राह्मी लेख निराळेच सांगतात.

वैजयंतीच्या भूतपाल शेठजींनी हे लेणे पुरे केले. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त या सुगंधी मालाच्या व्यापाऱ्याने एक दरवाजा दिला. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले. तेथील यवनांनी खांब दिले, सोपाऱ्याच्या एका भिक्षूनेही दिला. ज्याची जशी ऐपत तसे दान, आणि जेथे दान तेथेच नाव.

माझ्यासारख्या दप्तरातल्या माणसास आणखी दोन लेख मोलाचे वाटतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. पुढे हा मुलूख सातवाहनांकडे आला. तरी मामल, म्हणजे आजच्या मावळच्या अधिकाऱ्यास हुकूम गेला, की हे गाव भिक्षूंकडेच ठेवावे. राज्य बदलले, दान मोडले नाही.

आपल्या जीर्णोद्धारासही कोणी रोख रक्कम दिली, कोणी वाळू, तर कोणी अंगमेहनत. सर्वांची नावे फरशीवर येतीलच. मात्र दिवाबत्तीसाठी ठेवलेली रक्कम पुढील प्रत्येक कमिटीने त्याच कामी लावावी, एवढीच नम्र विनंती.