आजोबांची हायड्रो

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आत्याचं.

तिची एक मुदत ठेव संपत आली होती. शाळेतली नोकरी, पेन्शन नाही, त्यामुळे ठेवीचं व्याज हाच तिचा पगार. फोनवर म्हणाली, "अरे, विजेच्या कंपन्यांचे शेअर घेतले तर? दादांना नव्हता का दर वर्षी हायड्रोचा चेक यायचा? आणि पेपरात एका कंपनीचा सत्तर टक्के डिव्हिडंड छापून आलाय!"

सत्तर टक्के हे दर्शनी किमतीवर, हे तिला समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. दहा रुपयांच्या शेअरवर सात रुपये. तोच शेअर बाजारात साडेतीनशेला असेल तर हाती पडतात दोन टक्के. "म्हणजे पोस्टापेक्षा कमी?" म्हणाली आणि गप्प झाली. पण तिच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादांना, म्हणजे माझ्या आजोबांना, हायड्रोचा चेक खरंच यायचा. परळच्या एका गिरणीत ते कारकून होते. गिरणी पुढे बंद पडली, चेक येत राहिला. का येत राहिला, हे शोधायला बसलो आणि फार मागे गेलो.

हायड्रो म्हणजे टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या ही जमशेटजींच्या काळातली कल्पना. ते १९०४ साली गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, दोराबजींच्या हातून. लंडनच्या भांडवलदारांच्या अटी पटल्या नाहीत म्हणून पैसा इथेच उभा केला, त्यात संस्थानिकांचाही वाटा होता. लोणावळ्याच्या धरणाची कोनशिला १९११ च्या फेब्रुवारीत बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीहून वीज मुंबईला आली. पुण्याहून येताना घाटात डोंगरावरून उतरणारे जाडजूड पाइप दिसतात ना, तेच. पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली कोसळतं आणि चक्र फिरवतं.

आता गुंतवणूकदाराच्या नजरेने बघा. सगळा खर्च आधी: धरण, बोगदे, पाइप, तारा. नंतर कच्चा माल म्हणजे पाऊस, तो फुकट. कोळशावरची वाफेची इंजिनं काढून टाकलेली गिरणी पुन्हा कोळशाकडे सहसा जाणार नाही. शेजारी दुसरी कंपनी दुसऱ्या तारा टाकणार नाही. अशा धंद्यात वाढ बेताची, पण उत्पन्न नियमित. म्हणून तर विधवा आणि पेन्शनरांसाठी हे शेअर चांगले, असं जगभर म्हटलं जायचं.

अर्थात पाऊस फुकट होता, दरी फुकट नव्हती. पुढे मुळशीला धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यातूनच सेनापती झाले. जमिनींचे बरेच मालक पुण्यातले सावकार होते, त्यांनी मोबदल्यावर भागवलं. कसणारे मात्र लढत राहिले आणि हरले. ताळेबंदात ही रक्कम कुठेच लिहिलेली नसते. आजोबांनी कधी विचार केला असेल का, माहीत नाही. मीही परवापर्यंत केला नव्हता.

असो. आजोबांनी शेअर घेतले ते पन्नाशीच्या दशकात, आणि तोवर खेळाचे नियम बदलले होते. १९४८ साली वीजपुरवठ्याचा कायदा आला. त्याच्या सहाव्या परिशिष्टात खाजगी वीज कंपनीने किती नफा मिळवावा हेच लिहून ठेवलंय. धंद्यात घातलेल्या भांडवलावर ठराविक टक्के 'वाजवी परतावा'. त्याहून जास्त झाला तर जादा रकमेतला थोडा भाग, फार तर एक तृतीयांश, कंपनीला. उरलेल्यातला अर्धा ग्राहकांना बिलात सूट म्हणून परत. आणि राहिलेला अर्धा एका राखीव निधीत, ज्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'दर आणि लाभांश नियंत्रण निधी'. एखाद्या वर्षी नफा वाजवी परताव्याच्या खाली गेला तर यातून भरून काढायचा.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. आजोबांचा चेक वर्षानुवर्षं साधारण सारखाच का यायचा, त्याचं कारण इथे होतं. चांगल्या वर्षाचं पाणी वाईट वर्षासाठी अडवून ठेवायचं, तेही कायद्याने. कंपनीची कर्तबगारी होतीच, पण हप्ता ठरवला होता सरकारने.

आणि जो हप्ता ठरवतो तो कापूही शकतो. १९७४ साली महागाई भडकली तेव्हा सरकारने सगळ्याच कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा आणली. करोत्तर नफ्याचा एक तृतीयांश किंवा दर्शनी किमतीवर १२ टक्के, यातलं जे कमी असेल ते. कधीकधी आख्खी कंपनीच जाते. मुंबईच्या ट्राम आणि विजेची कंपनी १९४७ मध्ये महापालिकेने घेतली, तीच आपली बेस्ट.

हायड्रो २००० साली आंध्र व्हॅलीसकट टाटा पॉवरमध्ये विलीन झाली. २००३ साली नवा वीज कायदा आला, जुनं परिशिष्ट गेलं, आयोग आले. केंद्रीय आयोगाने भागभांडवलावरचा परतावा २००४ मध्ये १४ टक्के ठरवला, २००९ मध्ये १५.५. पण सगळीच वीज या छत्राखाली राहिली नाही. गुजरातेतल्या मुंद्र्याचा ४००० मेगावॅटचा प्रकल्प टाटा पॉवरने २००६ मध्ये युनिटला २ रुपये २६ पैशांची बोली लावून जिंकला. कोळसा इंडोनेशियाचा. पुढे तिथल्या सरकारने कोळशाचे भाव बाजाराशी बांधले आणि गणित कोसळलं. २०११-१२ चा एकत्रित ताळेबंद तोट्यात गेला. भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये त्या कारणासाठी भरपाई नाही असा निकाल लागला. लाभांश थांबला नाही, पण त्याच्याखालची जमीन हलली. खोपोलीत आभाळातून पडणारा कच्चा माल मुंद्र्यात बोटीतून येत होता, एवढाच फरक.

म्हणून आत्याला मी कंपनीचं नाव सांगितलं नाही. विचारायचे प्रश्न सांगितले. मिळकतीतला किती भाग आयोगाने ठरवलेला आणि किती बोलीतला? इंधनाचा भाव वाढला तर बिल कोणाच्या नावे फाटतं? वीज विकत घेणारी मंडळं पैसे वेळेवर देतात का, की नफा नुसता वहीत? (हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उधारीतून लाभांश देता येत नाही, त्यासाठी कर्ज काढावं लागतं.) नवा प्रकल्प चालू असेल तर त्याचा पैसा कुठून? शिवाय २०२० पासून लाभांशावर कर आपल्याच हातात लागतो, तोही वजा करायचा.

"एवढं सगळं दादांनी बघितलं होतं?" तिने विचारलं.

बघितलं नसावं. पण माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचे लिफाफे सापडले, डिव्हिडंडचे, वर्षाप्रमाणे लावलेले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने दोन आकडे. एक हायड्रोकडून आलेली रक्कम, दुसरा बेस्टला वर्षभरात भरलेलं लाइटचं बिल. बेस्टची वीज तरी कुठली? टाटांकडूनच घेतलेली. साठ सालापर्यंत पहिला आकडा मोठा आहे. सत्तरनंतर दुसरा. त्याच्यापुढे कुठेकुठे प्रश्नचिन्ह काढलंय.

आत्याने अर्धे पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले. उरलेल्याचं दिवाळीनंतर बघू म्हणाली. "आणि ते लिफाफे फेकू नकोस, मला पाठव. कुरिअरने नको, येशील तेव्हा घेऊन ये."