ऑटोमॅटिक गाडीला आफ्टरमार्केट रेडिएटर बसवताय? आधी ते दोन छोटे पाईप बघा

रेडिएटर लीक झाला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने कोटेशन दिलं, की अंधेरी-घाटकोपरकडचे बरेच जण कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा रस्ता धरतात. दुसऱ्या कंपनीने बनवलेला, म्हणजे आफ्टरमार्केट रेडिएटर बराच स्वस्त पडतो. मॅन्युअल गाडीला चांगल्या ब्रँडचा घेतला तर काही बिघडत नाही. ऑटोमॅटिक असेल तर मात्र दुकानात नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. अशा अनेक गाड्यांत रेडिएटर दोन कामं करतो: इंजिनाचं कूलंट थंड करतो आणि गिअरबॉक्सचं ऑइलही.

आधी तुमची ऑटोमॅटिक कुठली ते ठरवा

२०१४ मध्ये सेलेरिओ आली आणि आपल्याकडे एएमटी स्वस्तात मिळू लागली. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम पायाऐवजी मशीन करतं. तिचं ऑइल रेडिएटरपर्यंत जात नाही, त्यामुळे पुढची निम्मी काळजी तुम्हाला लागूच नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी यांचं ऑइल मात्र थंड करावंच लागतं. काही गाड्यांत त्यासाठी गिअरबॉक्सवरच छोटा कूलर असतो आणि त्यातून कूलंट फिरतं. काहींत तो कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आत दडलेला असतो. बॉनेट उघडून मोबाईलच्या टॉर्चने बघा: दोन जाड होज सोडून आणखी दोन बारीक पाईप गिअरबॉक्सकडून रेडिएटरच्या खालच्या किंवा बाजूच्या टाकीत जात असतील, तर तुमची गाडी या शेवटच्या प्रकारातली.

ऑइल एवढं तापतं कशामुळे? दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागेल, पण थोडा मागे राहून. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी ऑइल असतं, आणि वेगातला हा फरक उष्णता बनून ऑइलमध्येच उतरतो. गाडी हायवेला वेगात असताना आतला लॉक लागतो आणि फरक जवळजवळ संपतो. संध्याकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर किंवा जेव्हीएलआरवर दहा-दहा फूट सरकताना तो लॉक लागतच नाही. मोबाईल तापला की ब्राइटनेस कमी करतो, गेम अडखळतो. तसंच गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही स्वतःला आवरतं, पण ऑइल जळत राहिलं तर तेही हतबल.

खरी गडबड इथे होते

एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाडीचे रेडिएटर बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. माउंटिंग तेच, होज तेच. मॅन्युअलवाल्यात फक्त आतला कूलर नसतो. ‘साहेब, सेमच आहे’ म्हणत तो बसवला जातो, आणि उरलेले दोन बारीक पाईप रबरी नळीने एकमेकांना जोडून टाकतात. गाडी चालते, टेस्ट ड्राइव्हही छान होते. पण आता गिअरबॉक्सचं ऑइल थंड न होताच परत फिरतंय, आणि ते पावसाळ्यात लोणावळ्याला जाताना बोरघाटाच्या चढावर कळतं. हा बायपास अजिबात मान्य करू नका. कूलरवाला रेडिएटर मिळतच नसेल तर वेगळा ऑइल कूलर बसवून घ्या, एसीच्या कंडेन्सरच्या पुढे. खर्च वाढेल, पण गिअरबॉक्स ओव्हरहॉल करण्यापेक्षा कितीतरी कमी.

दुसरा धोका उलटा आहे. आतला कूलर तडकला तर कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी, दुधाळ लगदा तयार होतो. अमेरिकेत निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, एक्सटेरा, फ्रंटियर गाड्यांत हे इतकं झालं की मालक कोर्टात गेले. लोकांनी त्या मिश्रणाला ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ असं नावच पाडलं. तो प्रकार कंपनीच्या मूळ रेडिएटरमध्ये घडला, तेव्हा बिनब्रँडच्या मालात काय होईल याचा अंदाज करा. पाणी आणि ग्लायकॉल गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटचं अस्तर चिकटवणारा गोंद सोडवतात. एक्स्पान्शन टँकमध्ये असा रंग दिसला तर इंजिन बंद करा आणि टो मागवा. गॅरेजपर्यंत ‘हळूहळू नेऊ’ हा विचारही नको.

खरेदीला जाताना जुन्या रेडिएटरच्या स्टिकरचा, दोन्ही टाक्यांचा आणि पाईपच्या तोंडांचा फोटो घेऊन जा. चॅसी नंबरही असू द्या. मोजपट्टीने जाळीची जाडी मोजा. जाड जाळी जास्त थंड करते म्हणून ती घ्यायचा मोह होतो, पण चार-पाच मिलिमीटरनेही पंखा घासू शकतो. झाकणावरचा प्रेशरचा आकडा जुन्याइतकाच हवा. प्रेशर कमी असेल तर कूलंट लवकर उकळतं, जास्त असेल तर जुने होज फुटतात.

बसवताना बारीक पाईपांच्या ओ-रिंग आणि क्लिपा नव्या घ्या. कूलरचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, जोर लावला की गेलेच. पाईप काढताना सांडलेलं ऑइल भरायचं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. सीव्हीटीला सीव्हीटीचंच लागतं. ‘लाल ऑइल म्हणजे एकच’ हे खोटं आहे. लेव्हलही मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला बघायची. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिमिनरलाइज्ड पाण्यात मिसळा. बोरिवली-मुलुंडच्या कितीतरी सोसायट्यांत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी येतं, त्यातले क्षार जाळीत बसतात. मग हीटर फुल करून इंजिन चालू ठेवा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत सिस्टीममधली हवा निघू द्या.

पुढचे काही दिवस मोबाईल कामाला लावा. ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावला की ॲपवर कूलंटचं तापमान दिसतं. गाडी एक बाइट पाठवते, त्यातून ४० वजा केले की डिग्री सेल्सिअस. म्हणजे १३० आलं तर ९०. गिअरबॉक्सचं तापमान मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या कोडखाली ठेवते, त्यामुळे ॲपमध्ये तुमच्या मॉडेलचा सपोर्ट आहे का ते विकत घेण्याआधी बघा. ट्रॅफिकमध्ये आकडा ९० ते १०० च्या आसपास खाली-वर होणं नॉर्मल आहे, पंखा तसाच चालतो. पंखा चालू असूनही तो चढतच राहिला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या. आणि गरम असताना झाकण उघडू नका.