केसपेपरवरचा पत्ता: सांगलीतल्या सेक्स वर्कर महिलांनी उपचाराचा हक्क कसा मिळवला?

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीपलीकडून ठरलेले प्रश्न येतात. नाव, वय, पत्ता. बहुतेक लोक पत्ता सांगताना दुसऱ्यांदा विचारही करत नाहीत. पण सांगलीच्या गोकुळनगरसारख्या वस्तीत राहणाऱ्या बाईसाठी तोच प्रश्न सगळ्यात अवघड असतो. खरा पत्ता सांगितला तर ती काय काम करते ते रांगेतल्या सगळ्यांना कळतं. खोटा सांगितला तर पुढच्या वेळी कागद जुळत नाहीत.

गंमत म्हणजे सांगली-मिरज हा भाग दवाखान्यांसाठीच ओळखला जातो. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. आजही शेजारच्या कर्नाटकातून पेशंट मिरजेला येतात. म्हणजे डॉक्टर नाहीत, खाटा नाहीत, ही इथली अडचण नव्हती. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, पण काही बायका त्याच्या पायऱ्या चढायला धजावत नव्हत्या.

हे चित्र बदलायला १९९२ मध्ये सुरुवात झाली, आणि त्याला निमित्त ठरलं एचआयव्हीचं.

भीतीचा काळ

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली, आणि ती सेक्स वर्कर महिलांच्या रक्ताच्या नमुन्यांत झाली. तेव्हापासून 'हा रोग त्या बायकांमुळे पसरतो' हे समीकरण पक्कं झालं. तपासणीच आधी त्यांची झाली होती, म्हणून सापडलाही आधी त्यांच्यात, हा साधा मुद्दा मागे पडला.

तेव्हाची भीती किती होती हे समजायला शेजारच्या गोव्यातलं एक प्रकरण पुरेसं आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ तो एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे म्हणून पोलीस घेऊन गेले आणि दोन महिन्यांहून जास्त काळ वेगळं कोंडून ठेवलं. तो आजारी नव्हता, त्याने गुन्हा केला नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी तरतूद होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली, तेव्हा न्यायालयानेही ती तरतूद वैध ठरवली.

सांगली आणि साताऱ्यात एचआयव्ही वेगाने पसरला त्याची कारणं भूगोलात आणि रोजगारात आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्ग सातारा-कराडवरून जातो. साताऱ्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांमध्ये आणि पुढे माथाडी म्हणून काम करत आले. सांगलीच्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरलेले. वर्षातले अनेक महिने घरापासून लांब राहणारे पुरुष आणि गावात राहणाऱ्या बायका, अशी ही रचना. घरातच राहणाऱ्या कितीतरी बायकांना संसर्ग नवऱ्याकडून झाला. नवरा गेल्यावर बोल मात्र अनेकदा त्यांनाच लावला गेला.

कंडोम वाटायचे कुणी?

मीना सरस्वती शेषू यांनी १९९२ मध्ये सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजेच 'संग्राम', या नावाने एचआयव्हीवर काम सुरू केलं. त्या काळात बहुतेक ठिकाणी एकच पद्धत होती. बाहेरचे कार्यकर्ते वस्तीत जायचे, माहिती द्यायचे, कंडोम द्यायचे आणि निघून जायचे.

या पद्धतीत एक मोठी चूक होती. गिऱ्हाईक कंडोमला नाही म्हणालं, तर एकट्या बाईच्या हातात फार काही उरत नाही. तिने नकार दिला तर तो शेजारच्या दारात जातो आणि तिची त्या दिवशीची कमाई बुडते. पण गल्लीतल्या सगळ्याच जणींनी 'कंडोमशिवाय नाही' असं ठरवलं, तर गिऱ्हाइकाला जायला दुसरं दार उरत नाही. थोडक्यात, कंडोम ही एकटीच्या शहाणपणाची नव्हे, एकजुटीची गोष्ट होती. आणि एकजूट बाहेरून येऊन वाटता येत नाही.

त्यामुळे सांगलीत कंडोम वाटण्याचं, माहिती देण्याचं आणि आजारी बाईला दवाखान्यात नेण्याचं काम वस्तीतल्या बायकांनीच हातात घेतलं. कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी साधारण याच सुमारास असाच मार्ग धरला होता. थायलंडने मात्र १९९१ मध्ये उलट वाट घेतली. तिथे सरकारनेच व्यवसायाच्या सर्व ठिकाणी शंभर टक्के कंडोमची सक्ती केली. त्याने संसर्ग झपाट्याने खाली आला, पण त्या सक्तीत बायकांचं म्हणणं विचारण्याला जागा कमीच होती.

'व्हॅम्प' म्हणजे काय?

१९९६ मध्ये या बायकांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. वेश्या अन्याय मुक्ती परिषद. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'व्हॅम्प' होतं. जुन्या हिंदी सिनेमात खलनायिकेला हाच शब्द वापरायचे. लोक ज्या शब्दाने हिणवतात तोच पाटीवर लिहायचा, यात एक ठसका आहे.

नावातला 'मुक्ती' हा शब्द नीट वाचायला हवा. मुक्ती अन्यायापासून मागितली आहे, धंद्यातून नव्हे. आपल्याला कुणीतरी येऊन 'सोडवावं' अशी या संघटनेची मागणी नाही. प्रौढ बाईने स्वतः निवडलेलं काम हे काम म्हणूनच पाहावं, ही तिची भूमिका आहे. अर्थात ती सगळ्यांना मान्य नाही. स्त्रीवादी चळवळीतच यावर दोन गट आहेत आणि हा वाद जगभर चालू आहे.

सांगलीत सुरू झालेलं हे काम पुढे सातारा, कोल्हापूर आणि सीमेपलीकडे निपाणीपर्यंत गेलं. पुरुष आणि तृतीयपंथी सेक्स वर्कर्ससाठी 'मुस्कान' ही वेगळी संघटना उभी राहिली.

दवाखान्यात काय बदललं?

नव्वदच्या दशकात एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटला देशभरातल्या दवाखान्यांत कसं वागवलं जायचं, याचे अनुभव एकसारखे आहेत. न विचारता रक्ततपासणी. रिपोर्ट भर वॉर्डात मोठ्याने सांगणं. खाटेवर खूण करणं. बाळंतपण किंवा ऑपरेशन टाळून 'मोठ्या हॉस्पिटलला न्या' म्हणणं. त्यात ती बाई धंदा करणारी असेल तर तापाची तक्रार असो की पाठदुखीची, पहिला प्रश्न तिच्या कामाबद्दलच.

डॉक्टर-नर्सची भीती पूर्ण खोटी होती का? नाही. पण ती प्रमाणाबाहेर होती. एचआयव्ही असलेल्या पेशंटला टोचलेली सुई कर्मचाऱ्याला चुकून लागली, तर संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. हेपटायटिस बीच्या बाबतीत, लस घेतलेली नसेल तर, ती ३० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ज्या आजाराचा धोका कितीतरी पट जास्त, त्याच्या पेशंटला कुणी वॉर्डाबाहेर काढत नव्हतं. शिवाय सुई लागल्यावर ७२ तासांच्या आत (शक्यतो पहिल्या दोन तासांतच) औषधं सुरू करून २८ दिवस घेतली, तर एचआयव्हीचा धोका आणखी खूप कमी होतो. हातमोजे आणि बाकीची काळजी प्रत्येक पेशंटसाठी सारखीच घ्यायची असते, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही.

व्हॅम्पच्या कार्यकर्त्यांनी केलं ते इतकंच, की बाईला एकटीने दवाखान्यात जाऊ दिलं नाही. सोबत जायचं, केसपेपर काढायचा, डॉक्टरांना प्रश्न विचारायचे, उत्तर मिळेपर्यंत तिथंच थांबायचं. ऐकायला ही गोष्ट छोटी वाटते. पण ज्या पेशंटला हुसकावून लावणं सोपं होतं, तिच्याबरोबर चार जणी उभ्या राहिल्या की ते तितकं सोपं उरत नाही.

औषधांची गोष्ट वेगळीच. २००० च्या आसपास एचआयव्हीच्या औषधांचा वर्षाचा खर्च माणशी १० हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधं आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि जगभरातली किंमत कोसळली. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ८ केंद्रांवर मोफत एआरटी सुरू केली. आधी प्रतिकारशक्ती मोजणारा सीडी४ आकडा २०० च्या खाली गेला तरच गोळ्या मिळायच्या. ही मर्यादा हळूहळू वाढत गेली आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार देण्याचं धोरण आलं.

आलेले पैसे परत का केले?

२००३ मध्ये अमेरिकेने एड्ससाठी मोठा निधी जाहीर केला, पण एक अट घातली. मदत घेणाऱ्या संस्थेने आपला वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण लेखी स्वीकारायचं. ज्या बायकांच्या जिवावर काम उभं आहे त्यांच्याच विरोधात सही कशी करायची, असा पेच होता. संग्रामने २००५ मध्ये सही न करता अमेरिकी निधी सोडला. त्याच वर्षी ब्राझील सरकारनेही याच कारणाने ४ कोटी डॉलर नाकारले.

पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तिथल्या संस्थांसाठी घटनाबाह्य ठरवली. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की परदेशी संस्थांना हे संरक्षण लागू नाही. म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य न्यूयॉर्कच्या संस्थेला, सांगलीच्या नाही.

कायदा आता काय सांगतो?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तो सरकारीबरोबर खासगी दवाखान्यांनाही लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. पेशंटला समजावून, तिची संमती घेऊनच तपासणी करायची. रिपोर्ट गुप्त ठेवायचा. २० किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असायलाच हवा. तिथे दाद मिळाली नाही तर राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं. त्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि प्रकरण तातडीच्या उपचाराचं असेल तर शक्यतो २४ तासांत. माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

एक कच्चा दुवा आहे. सरकारने औषधं आणि तपासणी 'शक्य तितकी' पुरवावी, असे शब्द कायद्यात आहेत. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या संघटनांनी यावर तेव्हाच आक्षेप घेतला होता. त्यात तथ्य आहे, कारण गोळ्यांचा साठा संपला तर 'शक्य नव्हतं' असं म्हणायची सोय त्या शब्दांत आहे.

सेक्स वर्कर महिलांसाठी दुसरा महत्त्वाचा टप्पा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा आदेश. लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला इतर कुठल्याही पीडितेप्रमाणे तातडीने वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. जवळ कंडोम सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, हेही सांगितलं. एकीकडे आरोग्य खात्याने कंडोम वाटायचे आणि दुसरीकडे पोलिसांनी तेच पुरावा म्हणून जप्त करायचे, हा प्रकार अनेक वर्षं चालू होता.

पुन्हा पत्त्याकडे

आता प्रश्न केसपेपरच्या पुढे गेला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानंतर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण त्यासाठी रेशनकार्ड किंवा रहिवासाचा पुरावा आणि ओळखपत्र लागतं. लहान वयात घर सुटलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, घरमालक भाडेकरार द्यायला तयार नसलेल्या बाईकडे हे कागद कुठून येणार?

कोविडच्या काळात हीच अडचण रेशनच्या दुकानात दिसली. तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायला सांगितलं. २०२२ च्या आदेशात आधार कार्डाचीही वाट मोकळी झाली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेतल्या किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीतल्या अधिकाऱ्याने ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र दिलं, तर पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळू शकतं. कार्डावर किंवा नोंदणीत ती सेक्स वर्कर असल्याची कुठलीही खूण असू नये, अशी स्पष्ट ताकीद न्यायालयाने दिली आहे.

गोळ्यांमुळे एचआयव्ही असलेल्या बायका आता साठीपर्यंत आणि त्यापुढेही जगतात. त्यामुळे एआरटी केंद्राबाहेरच्या विभागांशी त्यांचा संबंध वाढला आहे. रक्तदाब, साखर, मोतीबिंदू आणि सगळ्यात गंभीर म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे सहापट असतो. म्हणून तिची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासून सुरू करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही तपासणी एआरटीच्या खिडकीवर होत नाही. त्यासाठी स्त्रीरोग विभागात नवा केसपेपर काढावा लागतो, पत्त्यासकट.